एक शिफ्ट आणि वर एक तास

डांगे चौकात कंपनीच्या बसमध्ये चढलो की माझी सीट रुमाल टाकून धरलेली असायची. रुमालवाल्या काकांचं नाव मी दोन वर्षांत विचारलं नाही, त्यांनीही माझं नाही. चाकणपर्यंत ते खिडकीला डोकं टेकून घोरत. तरी गेट आलं की कोपरानं मलाच उठवत.

एकदा मात्र ते टक्क जागे होते. "भाऊ, मोबाईलमधी बघा जरा. मुंबईवरनं फ्रँकफुर्ट किती लांब हाय? पोरगी शिकाय चाललीय."

"साडेसहा हजार किलोमीटर," मी सांगून बसलो. त्यांचा चेहरा पार उतरला.

"पण विमानाला फक्त नऊ तास लागतात, काका."

त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसले. "म्हंजे एक शिफ्ट, अन् वर तासभर ओव्हरटाइम. मग लांब न्हाई."

तिचं विमान सकाळी सातला होतं आणि आमची शिफ्टही सातचीच. काका बसमध्ये दिसल्यावर मी चिडलोच. "रजा नाही घेतली?"

"सोडाय तिचा मामा गेलाय. मला तितं रडू आवरलं नसतं. अन् ती हवेत असताना घरी बसून काय करू?"

तीनला शिफ्ट सुटली. बस निघायला आली, तरी काका डबा घेऊन गेटपाशीच उभे होते. मी खिडकीतून हाक मारली, "काका, चला की! सुटली शिफ्ट."

त्यांनी एकदा वर आभाळाकडं पाहिलं.

"तुमी व्हा पुढं, राव. तिची अजून सुटली न्हाई."