जिन्यात बसलेले तंबूमामा

समुद्रकाठच्या तंबूंच्या तळावर आलेला पाहुणा आधी सामान टेकवी आणि मग तंबूमामांच्या तावडीत सापडे. तंबू उभारणं, कंदील पुसणं, पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणं ही मामांची नोकरी. पण त्यांचा जीव रमायचा तो आसपासची ठिकाणं सांगण्यात.

"लाईटहाऊस चुकवू नका," ते सांगायचे. "वरून दोन देश दिसतात. हवा स्वच्छ असली तर तीन. आणि गुहेत हाक मारा, सात वेळा परत येते. सातव्या वेळी जरा दमलेली असते, पण येते."

गंमत अशी की यातलं एकही ठिकाण मामांनी पाहिलेलं नव्हतं. नोकरी नवी होती तेव्हा सवड मिळाली नाही, आणि सवड मिळाली तेव्हा लाज आडवी आली. इतकी वर्षं जगाला सांगत आलो, आता रस्ता कोणाला विचारायचा? त्यातून मामांना उंचीची भयंकर भीती. तेव्हा परत आलेल्या पाहुण्यांचं ऐकायचं, तिखटमीठ लावायचं आणि पुढच्यांना वाढायचं. गुहेतली हाक मामांकडे आली तेव्हा दोनदाच परत येत होती.

तळाचं स्वयंपाकघर मामी सांभाळायची. मोसम संपत आला, पाहुणे पांगले, तशी एका सकाळी ती हात पुसत बाहेर आली.

"अहो, सगळ्या जगाला लाईटहाऊसला पाठवलंत. मला कधी नेणार?"

"आज वारा फार आहे गं."

"वारा आहे म्हणून तर पाहुणे नाहीत. चला."

मामा छाती काढून निघाले आणि जवळच्या वाटेने म्हणत मामीला थेट बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात घेऊन गेले. दीपगृह तर भलत्याच बाजूला आभाळात उभं होतं.

"मग तो उंच खांब कसला?" मामीनं विचारलं.

"तेच ते. मी म्हटलं, आधी लांबून बघून घे."

पुढची वाट मामीच काढत गेली.

दीपगृहातला जिना गोल आणि अरुंद होता. अर्ध्यावर एक झरोका आला. मामांनी त्यातून खाली पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले.

"तू हो पुढे. मी जरा जिना बघतो."

"जिन्यात काय बघायचंय?"

"बांधकाम."

मामी वर पोचली. दिव्याची काच पुसणाऱ्या रखवालदारानं तिच्याकडे संशयानं पाहिलं.

"ताई, तुम्हीपण दोन देश बघायला आलात का?"

"का हो?"

"अहो, रोज कोणी ना कोणी येतं, डोळे फाडून बघतं आणि देश दिसला नाही की माझ्याशी भांडतं. परवा एकानं तर विचारलं, कुठं लपवलात म्हणून! कोण या कंड्या पिकवतो, तो एकदा भेटू दे मला."

"भेटेल की," मामी म्हणाली. "जिन्यात बसलाय. माझाच नवरा आहे."

जिन्यात आवाज छान घुमत होता. मामांनी शब्दन् शब्द ऐकला, पण पळायला पाय कुठे होते? रखवालदार तरातरा खाली आला, मागोमाग मामीही. कठड्याला घट्ट मिठी मारून बसलेला, घामानं डबडबलेला माणूस बघून त्याचा रागच विरघळला.

"म्हणजे तुम्ही वर कधी आलाच नाहीत?"

मामांनी मान हलवली आणि केविलवाण्या नजरेनं मामीकडे पाहिलं.

"मला ठाऊक होतं," मामी म्हणाली. "तुमचे बूट मीच झाडते ना? तळावरच्या वाळूशिवाय कधी काही निघालं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगायचात किती छान! भांडी घासता घासता मीपण कान देऊन ऐकायचे."

मग मामीनं पुढून हात ओढला, रखवालदारानं मागून ढकललं, आणि मिटल्या डोळ्यांचे मामा वर पोचले. मोठ्या धीरानं त्यांनी एक डोळा उघडला. देश एकही दिसला नाही. दिसला तो खालचा तळ, आणि तळावरून उठून, दोऱ्या फडफडवत समुद्राकडे निघालेला एक तंबू.

"अरे, माझा तंबू!"

मामा जिना असे उतरले की रखवालदार बघतच राहिला.

"आता नाही भीती वाटत यांना?"

"आता डोळ्यांसमोर नोकरी आहे," म्हणत मामीनं पिशवीतले शेंगदाणे काढले, थोडे त्याच्या हातावर ठेवले. दोघांनी वरून सगळी शर्यत पाहिली. मामांनी कमरेइतक्या पाण्यात तंबू गाठला, तंबूनं त्यांना दोनदा बुडवलं, पण शेवटी मामाच जिंकले.

पुढच्या मोसमात मामा देशांचं बोलेनासे झाले. पण तोच तंबू दाखवून ते त्या झटापटीची हकिकत सांगत, आणि ती ऐकून पाहुणे जास्तच रंगत, कारण मामी शेजारी उभी राहून साक्ष देई. मामीला मात्र आता फिरण्याची चटक लागली आहे. येत्या सुट्टीला समोरच्या बेटावर जायचं तिनं ठरवून टाकलंय, आणि मामा तिकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "होडी फार हलते का हो?"