सोळा नंबरचं दार

वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावावर, साडेतीन हजार मैलांवरून, रोज सकाळी न चुकता चिडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. गाव सातारा किंवा अमरावती असतं तर एक वेळ समजलं असतं. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या ॲन आर्बरात जी काही पंधरावीस मराठी घरं होती, त्यांत जो तो आपापल्या गावाच्या नावानं उसासे टाकतच असे. पण मामांचं गाव होतं डब्लिन. नागपूरहून आर्किटेक्चर शिकायला ते लंडनला निघाले होते, तिथं प्रवेश हुकला म्हणून आयर्लंडला गेले, पाच वर्षं राहिले आणि मग अमेरिकेत आले. जन्म नागपूरचा, घर मिशिगनमध्ये आणि जीव मात्र डब्लिनमध्ये अडकलेला. नागपुरात राहतं घर पाडून काका लोकांनी तिथं फ्लॅट बांधले, तेव्हा मामा 'बरं झालं, गळत होतं' एवढंच म्हणाले होते, हे मामी मुद्दाम सांगायच्या.

डब्लिनचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे बोटीनं यायचं, सहा आठवड्यांनी, एकदम गठ्ठ्यानं. एखाद्यानं वरचा ताजा अंक आधी उघडला असता. मामा तारखेवार लावून रोज एकच अंक वाचत. पुढचं आधी कळलं तर वाचण्यात अर्थ काय, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे आमच्याकडे बर्फ वितळून ट्यूलिप आले तरी मामांच्या डब्लिनमध्ये अजून कडक थंडी असायची. वाचता वाचता ते चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "आणखी एक पाडलं गाढवांनी." हे ऐकलं की मामी चहाचं आधण ठेवायच्या, कारण पुढचा अर्धा तास घरात दुसरं काही होणं शक्य नसे. डब्लिनच्या जुन्या विटांच्या घरांच्या ओळी पाडून तिथं काचेच्या नि काँक्रीटच्या कचेऱ्या उभारणारे सगळे लोक, मग ते बिल्डर असोत, नगरपालिकेचे असोत की मामांच्याच वर्गात शिकलेले आर्किटेक्ट असोत, त्या घरात एकाच नावानं ओळखले जायचे.

मामा नुसते चिडून थांबले असते तर गोष्ट वेगळी. ते हरकतीची पत्रं लिहायचे. अमुक रस्त्यावरची तमुक घरं पाडू नयेत, कारणं पुढीलप्रमाणे, असं आठ-आठ पानी टाइप केलेलं पत्र, सोबत स्वतःच्या हातची रेखाटनं. बातमी सहा आठवड्यांनी आलेली, त्यावर विचार करायला मामांना आठवडा, टायपिंगला आणखी एक. एकदा तिथल्या कुठल्याशा कचेरीतून फार सभ्य उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं, आपले मुद्दे विचार करण्यासारखे आहेत, सदर घरं मागच्या महिन्यात पाडून झालेली आहेत. मामांनी ते पत्र फाइलला लावलं आणि पुढच्या पत्राला बसले. "अहो, निदान पत्र तरी विमानानं पाठवा," मी म्हटलं. ते म्हणाले, "विमानानंच जातं. गाढवं रॉकेटनं पाडतात."

मंडळींना याचा जाच कसा व्हायचा ते सांगतो. कुणाच्याही घरी जेवायला गेलं की मामांची एक शिकवणी ठरलेली. टेबलावर चार वाट्या उपड्या मांडून ते डब्लिनचं घर उभं करत. "तळमजल्याच्या वरची खिडकी सगळ्यात उंच, कारण तिथं पाहुणे बसणार. त्याच्यावरची थोडी बुटकी. सगळ्यात वरची अगदी चौकोनी, तिथं पोरं आणि नोकर. त्यामुळे घर खालून पाहिलं की उंच वाटतं आणि डोक्यावर येत नाही. आणि ही गाढवं? आठही मजल्यांना एकच खिडकी. रबर स्टँप मारल्यासारखी." तोवर वाट्यांत वाढायची आमटी गार झालेली असायची. त्यानंतर स्लाइड्स. मामांकडे डब्लिनच्या दारांच्या एकशे चाळीस स्लाइड्स होत्या. लाल दार, निळं दार, हिरवं दार, वर अर्धगोल काच, खाली बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी. गणपतीच्या वेळी आरतीनंतर त्यांनी सगळ्या दाखवल्या, तेव्हा माझी आठ वर्षांची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मामाआजोबा, बट दे आर ऑल द सेम डोअर." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी तिला मांडीवर घेऊन सगळ्या स्लाइड्स पहिल्यापासून पुन्हा दाखवल्या.

एवढा सगळा संताप करणारा हा माणूस पोटासाठी काय करायचा? तर पार्किंगच्या इमारतींचे नकाशे काढायचा. ज्या फर्ममध्ये ते होते, तिला मिशिगनभर त्याचीच कामं मिळत. मिशिगनमधल्या कितीतरी गावांच्या मधोमध जुनी विटांची दुकानं पाडून मामांच्या पाचमजली पार्किंगची काँक्रीटची खोकी उभी राहिली. एकदा बर्फात गाडी लावून आम्ही तशाच एका इमारतीच्या जिन्यानं उतरत होतो. मामा मध्येच थांबले, भिंतीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "इथं एका चांभाराचं दुकान होतं रे. कमान फार सुरेख होती."

मामांचा खरा जीव त्या एकशे चाळीस दारांतल्या एकाच दारात होता. सोळा नंबर, गर्द हिरवं. डब्लिनला उतरल्यावर पहिले चार दिवस त्यांना कुणी खोली दिली नव्हती. दार उघडायचं, मामांचा काळा चेहरा दिसायचा आणि खोली नुकतीच गेल्याचं कळायचं. पाचव्या दिवशी सोळा नंबरच्या बाईंनी दार उघडलं आणि भिजलेल्या मामांकडे पाहून म्हणाल्या, आधी आत ये, बाकीचं मग बोलू. तिथं ते पाच वर्षं राहिले. बाई फोडणीच्या वासाला खोकायच्या, पण नको म्हणाल्या नाहीत. निघताना मामा चावी परत करायला गेले, तर त्यांनी ती घेतली नाही. "राहू दे. परत येशील तेव्हा बेल वाजवायला नको," असं म्हणाल्या. पुढं बाई गेल्या, त्यांच्या भाच्यानं घर विकलं. चावी मामांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात राहिली, ही एवढी मोठी, लोखंडाची, कोटाचा खिसा फाडणारी.

आणि एके दिवशी गठ्ठ्यातल्या अंकात बातमी आली, की सोळा नंबर धरून त्या ओळीतली सहा घरं पाडायचं घाटतंय. मामांनी त्या वेळी बावीस पानी पत्र लिहिलं. विचार चालू आहे, असं उत्तर आलं आणि मग तीन वर्षं काहीच नाही. पेपरात पुढं एक अक्षर नाही. मामा रोजचा अंक उघडताना आधी एक क्षण डोळे मिटून घ्यायला लागले होते, ते मी स्वतः पाहिलंय. "तुम्हीच एकदा जाऊन या ना," आम्ही म्हणायचो. "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटायला जाणं मला जमत नाही," एवढंच ते म्हणायचे.

अशात माझं भारतात जायचं ठरलं. भारतात निघालेल्या माणसाच्या बॅगेत कोण काय कोंबेल याचा आमच्याकडे नेम नसे. कुणी सासूसाठी ब्लडप्रेशरचं यंत्र देई, कुणी भाचरांसाठी चॉकलेटं. मामांनी मला चावी दिली. "वाटेत एक दिवस डब्लिनला उतर. घर असेल तर फोटो काढ. आणि ही लावून बघ. फिरली तर परत फिरव आणि ये. आत जाऊ नकोस, आता दुसऱ्याचं घर आहे." परक्याच्या दाराला चावी लावताना पोलिसांनी पकडलं तर काय, असं बायकोनं विचारलं. मामा म्हणाले, "सोळा नंबरवाल्या बाईंचं नाव सांग." त्या बाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती.

उतरलो. पाऊस होता. मामांनी काढून दिलेल्या नकाशाप्रमाणे चालत गेलो. वळलो आणि बघतो तर ओळ उभी. सहाच्या सहा घरं, विटांची, वर अर्धगोल काचा आणि मधोमध गर्द हिरवं सोळा नंबर. मी भर पावसात एकटाच हसलो. छत्री मानेत धरून अख्खा रोल संपवला. मग चावी काढली, पण भोकच सापडेना. दारावर बोटांनी चाचपलं, बेल नाही, कडी नाही. ठोठावलं, कुणी आलं नाही. मी पडलो इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मला लगेच उलगडा झाला की आतून विजेचं कुलूप बसवलं असणार, हल्ली सगळीकडे तेच चाललंय. समाधानानं विमानतळावर परत गेलो.

परत आल्यावर आमच्या दिवाणखान्यात पांढरी चादर टांगून मी सगळ्यांना स्लाइड्स दाखवल्या. ओळ भिंतीवर उमटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वाचलं की हो मामा तुमचं घर," असं म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात दुधी हलव्याची वाटीही दिली. मामा उठून चादरीजवळ गेले. इतके जवळ, की हिरवं दार त्यांच्या शर्टावर पडलं. बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "चावी?" मी विजेच्या कुलपाचं सांगितलं आणि चावी परत दिली. "हं," ते म्हणाले, "विजेचंच असेल. फोटो छान आलेत रे." त्या दिवशी त्यांनी एकही वाटी उपडी केली नाही. आनंदानं गप्प झाले असतील असं आम्ही समजलो.

पुढं महिन्याभरानं मामींचा फोन आला, यांनी पेपर बंद केला म्हणून. मला काही कळेना. दिवाळीच्या सुमारास स्लाइड्स डब्यात लावून ठेवत होतो, तेव्हा सोळा नंबरची स्लाइड दिव्यासमोर धरली. मामांची शिकवणी इतकी वर्षं ऐकून डोळ्यांना सवय लागलेली असावी. खिडक्या खालपासून वरपर्यंत एकाच मापाच्या होत्या. काचांमागं सलग ट्यूबलाइट दिसत होत्या, सहाही घरांतून आरपार. दाराला भोक नव्हतं, पत्र टाकायची फट नव्हती, खाली उंबरा नव्हता. घरं केव्हाच पाडली होती. आत कचेरी बांधून रस्त्याच्या बाजूला घरांसारखी एक भिंत उभी केली होती आणि तिला हिरवं दार चिकटवलं होतं. त्या दारात मी पावसात चावी घेऊन उभा होतो. मला माझी इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती स्लाइड घेऊन मामांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते, समोर पेपर नव्हता. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला चादरीवरच कळलं होतं ना?"

"तू काय खूश होतास रे," मामा म्हणाले. "मुंबईचं सामान घेऊन त्या पावसात एवढा हिंडलास. आणि मी पार्किंगची खोकी बांधणारा माणूस, कुठल्या तोंडानं बोलणार होतो?"

मामींनी चहाचं आधण ठेवलेलं ऐकू आलं. बहुधा सवयीनं. मामांनी माझ्या हातातली स्लाइड घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती उजेडाला धरून पुन्हा नीट पाहिली. चावी त्यांच्या गुडघ्यावर होती.

"रंग मात्र बरोबर दिलाय गाढवांनी," ते म्हणाले.