बोडीच्या अहवालातल्या बारा फुल्या

तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स पास झाल्यावर मी तालुक्याच्या कार्यालयात कोणाशी सरळ बोलत नव्हते. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, माऊसला हात लावण्याआधी तो पदराने पुसणार. आज ती तेव्हाची मी मला रस्त्यात भेटली तर ओळख दाखवणार नाही.

एकोडीकडच्या एका गावची बोडी, म्हणजे लहान तळं, फुटली होती. तिच्या मातीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, हे मोठं भगदाड. दुरुस्तीचा प्रस्ताव फोटोंसह त्या दिवशी पाचच्या आत जिल्ह्याला ईमेलने गेला नाही, तर भाताच्या रोवणीला पाणी नाही. सरपंच बाई सकाळपासून माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसून होत्या.

प्रस्तावासोबतचा अहवाल मी आदल्या आठवड्यातच केला होता. फोटो नुसता 'लिंक' केला की फाईल हलकी राहते, असं कोर्समध्ये सांगितलं होतं. बाराही फोटो अहवालात दिसायला लागल्यावर मूळ फोटो मी फोल्डरमधून पुसले, कॅमेऱ्यातूनही पुसले. अर्जाला फोटो चिकटवल्यावर उरलेले कोण सांभाळतं? वर स्वतःलाच म्हटलं, किती टापटीप गं तू!

पाठवण्याआधी बघावा म्हणून साहेबांनी अहवाल उघडला. बारा चौकटी, बारा लाल फुल्या.

"मॅडम, ह्या फुल्या कोणी मारल्या?"

"मी नाही जी, साहेब. जिल्ह्यानंच नामंजूर केलं असंल."

"अजून पाठवलंच कुठं?"

"मग आधीच ठरवून ठेवलं असंल."

सरपंच बाई उठून स्क्रीनपाशी आल्या. "काहून वो बाई, आमच्या बोडीवर फुली? तेही बारा डाव?"

"व्हायरस आहे. दूर बसा," मी म्हटलं. त्यांनी खरंच स्टूल मागे ओढलं आणि तोंडाला पदर लावला. साहेबही थोडे सरकले.

मी कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. प्रिंट काढून पाहिली, तर फुल्या आणखीच ठसठशीत आल्या. दोन वाजता लाज सोडून नागपूरला मुलीला फोन लावला.

"आई, मूळ फोटो कुठे आहेत?"

"पुसले."

"काहून?"

"चिकटवले होते ना!"

पलीकडे बराच वेळ नुसतं खुदखुदणं. मग म्हणाली, "अहवालात फोटो नाहीच. फोटो कुठे ठेवलाय, त्याचा पत्ता आहे. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाचे फोटो ठेव, दिसतील. आणि पाठवण्याआधी लिंक तोडून फोटो आतच घे, नाही तर जिल्ह्यालाही फुल्याच जातील."

नावं सोपी होती, एक ते बारा. फोटोच नव्हते.

सरपंच बाईंनी पदर खाली घेतला. "बोडी तं तिथंच हाय ना? चला, बसा माह्या गाडीवर."

फुटक्या पाळीपाशी गाळात म्हशी बसल्या होत्या. सहा फोटो बरे निघाले. सातवा भगदाडाच्या तळातून घ्यावा म्हणून उतरले, तर पाय सटकला आणि मी म्हशीच्या शेजारी, तिच्याच ऐटीत बसले. कॅमेरा तेवढा उंच धरला होता. बाईंनी तो माझ्या हातून घेतला आणि मला ओढून काढण्याआधी फोटो काढला.

"हा कायले काढला?"

"बारा पायजेन ना? सात झाले."

उरलेले पाच काठावरूनच काढले आणि साडेचारला कार्यालयात खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून गाळाच्या साडीत बसले. फोटोंना एक ते बारा नावं दिली, अहवाल उघडला. फुल्या गायब! सातव्या चौकटीत मी, खाली ओळ: 'पाळीची सद्यस्थिती'. साहेबांनी आधी फोटोकडे, मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या."

लिंक तोडल्यावर फाईल अशी जड झाली की पाचला दोन मिनिटं उरली असताना गेली.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. सोबत शेरा: 'फोटो क्रमांक सातमध्ये भगदाडाची खोली समजावी म्हणून माणूस बसवला आहे. ही पद्धत सर्वांनी अवलंबावी.'

पाळ बांधली गेली, त्या साली रोवणीही झाली. आणि पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर जे जे प्रस्ताव आले, त्यांत प्रत्येक भगदाडात कोणी ना कोणी कर्मचारी गंभीर चेहऱ्याने मांडी घालून बसलेला असे.