बाहेरचीचा रोज

रबाळ्याच्या एका औषध कंपनीत बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या आम्ही सगळ्या बायका एकाच ठेकेदाराच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. टेबल एक, खळ एक, दिवसाच्या बाटल्याही तेवढ्याच. माझ्या शेजारी बसायची ती जवळच्याच बोनकोडे गावची, आणि माझी घरमालकीणही तीच. मराठवाड्यातून येऊन आम्ही तिच्याच चाळीत खोली घेतली होती. लेबल सरळ कसं लावायचं ते तिला मी शिकवलं. एका पगाराला तिने आपलं पाकीट मोजायला माझ्या हातात दिलं, तेव्हा कळलं: तिचा रोज पस्तीस, माझा बावीस.

माझं डोकंच फिरलं. तडक ठेकेदाराकडे गेले. तो चहा पीत होता, पीतच राहिला.

"बाई, उगाच टेन्शन घेऊ नका. त्या इथल्या. त्यांना कमी दिलं तर उद्या अख्खं गाव गेटवर येईल. तुमच्यासाठी कोण येणार?"

बसचं भाडं सांगावं तसं त्याने सांगितलं. मी कुठली, हे बाटलीला कळतं का? घरमालकिणीचाही मला क्षणभर राग आला. पण हे शहर वसवताना तिची शेतजमीन गेली होती, आणि पस्तीस म्हणजे काही फार नव्हते. माझे तेरा रुपये मात्र ढळढळीत खाल्ले जात होते.

तिला सांगितलं तर ती माझ्याहून भडकली. दुसऱ्या दिवशी मला दंडाला धरून तिने त्याच्यापुढे उभं केलं.

"ही माझी भावजय हाय. आमच्या गावची सून. हिला आमचा रोज लाव."

खोटं आहे हे त्याला कळत होतं, पण बोनकोड्याशी वाकडं कोण घेणार? रजिस्टरात माझं गाव खोडून त्याने बोनकोडे लिहिलं. मी पस्तीस घेऊ लागले आणि आनंदाने घेतले, हेही सांगते.

दिवाळीनंतर एक नवी मुलगी आली, बाविसावर. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "मावशी, तुमी आमच्याकडल्याच वाटता. बोलन्यावरून कळतंय की. गाव कोणतं तुमचं?"

तिने स्वतःचं सांगितलं. माझ्या माहेराहून चार कोस. तिथल्या बाजाराला मी आईबरोबर जायचे. ठेकेदार समोरच उभा होता. खरं गाव सांगितलं तर माझे पुन्हा बावीस.

"नाही गं," मी म्हटलं, "मी इथलीच."

"बरं," म्हणून तिने पुढची बाटली घेतली. तिच्या बाविसाबद्दल तोंड उघडायची सोयही ठेकेदाराने मला ठेवली नव्हती.