धाग्याला मालक नसतो

भंडारा जिल्ह्यात आमच्या मावसाजींशी भांडण न झालेला माणूस सापडलाच, तर त्याची नि त्यांची अजून भेट झालेली नाही असं खुशाल समजावं. एस.टी.च्या कंडक्टरशी ते भांडत, आरती घाईनं म्हणणाऱ्यांशी भांडत, आणि कोणीच नसलं तर घरघरणाऱ्या पंख्याशी. आंधळगावला त्यांच्याकडे गेलो की मी चपला पायातच ठेवायचो. पळायला सोयीचं पडतं. "पोहे खाते का दळण दळते रे?" एवढ्या स्वागतावर निभावलं, तर तो सणाचा दिवस समजायचा.

असल्या माणसानं लेकीला माया शिकवावी, हे नवलच. मावशी गेली तेव्हा बेबी शाळेत होती. "माह्या तोंडाकडं पाहू नको, बेबी. मी सांगतो तेवढं घे," ते म्हणत. विणकरांच्या त्या गल्लीत सकाळी ताणे पसरतात, लांबच लांब उभे धागे. जाता येता तुटलेला धागा दिसला की ज्याला दिसला त्यानं जोडायचा, अशी तिथली रीत. "धाग्याले मालक नसते. तुटला दिसला का जोडाचा." हे शिकवताना बेबीची गाठ सैल बसली, की अशा शिव्या देत की ओट्यावरचं कुत्रं उठून दुसऱ्या ओट्यावर जाई.

आणि स्वतः? समोरच राहणाऱ्या थोरल्या भावाशी त्यांचा अबोला होता. त्यानं एकदा चारचौघांत मावसाजींनी विणलेल्या लुगड्याची वीण विरळ म्हटली होती. तेव्हापासून भावाचा ताणा आला की हे मान फिरवून, आभाळाला काहीबाही सुनावत पुढं जात.

गेल्या वर्षी थोरल्याची नजर गेली. थोडं अंधुक दिसायचं, तेवढ्यावर म्हातारा ताणा पसरायचा. एका सकाळी बेबी त्याचे धागे जोडून आली. मी चपलांचे पट्टे चाचपले.

"कोणाचा जोडला?"

"मोठ्या बाबाचा. तुमीच त म्हणता, मालक नसते."

मावसाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच पढवलं होतं. मग एकही शिवी न देता जेवायला बसले. पुढं रोज मात्र विचारायचे, "आज लय तुटले का?"

"तुमीच जाऊन पाहा ना, बाबा. ते वाट पाहतेत."

"मले नाई जमत. तुले जमावं मनून त शिकवलं."

जमेल कधीतरी, असं बेबी धरून चालली होती. मीही. यंदाच्या थंडीत थोरले ताणा पसरून ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

नदीवरून परतलो तेव्हा ताणा तसाच होता. गुंडाळायचं कोणाला सुचलं नव्हतं. एक धागा लोंबत होता. मावसाजी थांबले, वाकले, टोकं जुळवू लागले. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

"राहू द्या बाबा, मी जोडते."

"नको. हा मले जोडू दे."

बऱ्याच वेळानं गाठ बसली. ते उठले नाहीत. ताण्याकडे पाहतच मला म्हणाले, "वीण खरंच विरळ होती रे, त्या लुगड्याची."

पळायची सोय पाहून ठेवणारा मी. त्या दिवशी अनवाणीच त्यांच्या शेजारी उभा राहिलो. आता मावसाजी पंख्याशीसुद्धा भांडत नाहीत. तो घरघरत असतो, आणि ते ऐकत बसतात.