गच्चीवरचं धुणं आणि धाकटीची कंपनी

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं पोटात एक ठेवलं आणि ओठांवर एक. तिच्याबद्दल चांगलं बोलणारे या बेटावर साडेचारशे लोक आहेत. वाईट बोलणारी मी एकटी, त्यामुळे माझ्यावर कामाचा भार फार पडतो.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या दिराशी लग्न करून ती बोटीतून उतरली. बरोबर दोन कॉम्प्युटरची खोकी आणि एक पिशवी, बस्स. दीर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हिला शहरात भरघोस पगाराची नोकरी होती, ती सोडून ही इथे आली. बोट आठवड्यातून दोनदा येते, वारा असला तर एकदाच. मला वाटलं, चार महिन्यांत पळेल. चार महिन्यांनी तिनं वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली झाडून घेतली, गच्चीवर इंटरनेटची परातीएवढी डिश बसवली, तिचं तोंड डोंगरावरच्या टॉवरकडे केलं आणि दारावर पाटी लावली, ‘येथे वेबसाइट करून मिळतील’. मी पोट धरून हसले. ती पाटी वाचायला वर येणार कोण? पण गिऱ्हाईक बेटावरचं नव्हतंच. हॉटेलं, दवाखाने, रंगांची दुकानं, सगळी समुद्रापलीकडची. वर्षभरात खोलीत चार टेबलं झाली आणि माझं हसणं बंद झालं.

माणसं मात्र तिनं इथलीच घेतली. गणिताचे मास्तर निवृत्त होऊन घरी भिंतीशी बोलायला लागले होते, त्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. रंग ठरवायला शिंपीणबाई. कशावर काय उठून दिसतं हे त्यांना कापडावरून कळतंच. आणि तिसरी नेमणूक माझ्या सासूबाईंची.

माझं खरं दुखणं हे आहे.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चष्मा जाड, बोलणं मोजकं. बावीस वर्षं मी त्यांना रांधून वाढतेय. जेवतात आणि उठतात. चांगलं नाही, वाईट नाही, काही नाही. भिंतीला तोंड असतं तर तिनं तरी दोन शब्द जास्त काढले असते. आणि या धाकटीनं एक दिवस त्यांना वर नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “आई, या पानावरून डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवा बरं. काय चुकलंय ते सांगा.”

सासूबाईंनी पाच मिनिटं चष्मा वरखाली केला आणि विचारलं, “बटण एवढं लपवून का ठेवलंयस? चोरीचं आहे का?”

झालं! धाकटीनं बटण मोठं केलं आणि त्या दिवसापासून कंपनीचा नियमच झाला. सासूबाईंनी स्वतः वापरून पास केल्याशिवाय कुठलंही काम बाहेर जायचं नाही. आता गिऱ्हाइकं फोनवर विचारतात, “आजींनी पास केलं का?” रोज अकराला त्या अठरा पायऱ्या चढून वर जातात. माझ्या स्वयंपाकघराचा एक उंबरा ओलांडताना गुडघे दुखतात, अठरा पायऱ्या चढताना नाही. वरून त्यांच्या हसण्याचा आवाज येतो. त्यांना हसता येतं हे मला लग्नानंतर तेराव्या वर्षी कळलं, तेसुद्धा खालून, भांडी घासताना.

तरी कौतुकाच्या जागी कौतुक करायला मी चुकत नाही. बाई कष्टाळू आहे. एक वेड आहे तिला. नवीन वेबसाइट झाली की ती मोबाइल घेऊन धक्क्याच्या पार टोकाला जाते, जिथे रेंजची एकच दांडी दिसते. तिथे उभी राहून ते पान उघडते आणि मोठ्यानं आकडे मोजते. दहा म्हणायच्या आत पान उघडलं नाही तर मास्तरांची खैर नाही. परत येऊन त्यांना म्हणते, “मास्तर, जड झालंय, कापा.” पहिलं वर्षभर लोकांना वाटायचं, नवीन सून बोटी मोजते. मीच तसं सांगितलं होतं.

आता गच्चीचं ऐका. खालच्या तीन खोल्या मी पाहुण्यांना भाड्यानं देते. तीन खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, एवढं धुणं वाळायचं कुठे? गच्चीवर. तर या बाईनं डिशपुढे जमिनीवर निळ्या रंगाची रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे ओलं काही घालायचं नाही, ओल्या कापडातून लाइन येत नाही म्हणे. मी आधी आले, दोरी माझी, ऊन सगळ्यांचं, आणि ऐन उन्हाची जागा हिच्या परातीला! तळपायाची आग मस्तकाला गेली होती माझ्या. पण नवरा म्हणाला, “जाऊ दे ना.” तो धक्क्यावर सामान उतरवून घेतो. दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाशी काय भांडायचं?

मग यंदा कंपनीची दोन मोठी गिऱ्हाइकं सुटली. धाकटीनं एकदा जेवताना सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, “बोट कंपनीच्या तिकिटांचं काम निघालंय. ते मिळालं तर तीन वर्षं चिंता नाही. नाही मिळालं तर ऑफिस बंद करून आम्ही दोघं शहरात जाऊ. तिथली नोकरी माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबलीय.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. माझ्या मनात काय आलं तेही सांगते. जाऊ दे. एकदाची जाऊ दे हिला. मग अकरा वाजता सासूबाई कुठे जातील? माझ्याकडेच येतील. दुसरं आहे कोण?

मंगळवारी अकराला बोट कंपनीचे साहेब शहरातून स्क्रीनवर बघणार होते. त्यांची एकच अट होती, आजींनी आमच्यासमोर तिकीट काढून दाखवायचं. सासूबाईंनी सकाळी दोनदा केस विंचरले. माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा एकदाच विंचरले होते.

मी त्याच सकाळी तिन्ही खोल्यांची जाड ब्लँकेटं धुवायला काढली. आठ दिवस एकही पाहुणा फिरकला नव्हता. पण मांजर डोळे मिटून दूध पितं तशी मी ब्लँकेटं धुतली, अकराला दहा कमी असताना बादल्या वर नेल्या, आणि निळी रेघ ओलांडून ती तिन्ही ब्लँकेटं, नीट न पिळता, डिशच्या बरोब्बर समोर दोरीवर टाकली. मग पाण्याच्या टाकीमागे बसले. ऑफिसची खिडकी गच्चीवरच उघडते.

आधी नमस्कार-चमत्कार झाले. मग साहेबांचा आवाज तुटायला लागला. “आजी, तुमचं चित्र... आम्हाला काही...” आणि गप्प.

“लाइन पडली,” मास्तर म्हणाले.

“वारा असेल,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“वारा कुठे आहे बाहेर?”

धाकटीचा आवाज मी अकरा वर्षांत पहिल्यांदा कापलेला ऐकला. “आजच का? नेमकी आजच का?” खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. टाकीचा गारवा पाठीला लागत होता आणि मला अगदी बरं वाटत होतं.

धाकटीनं साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माफी मागायला सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “तू रडतेस कशाला? माझ्यापुढे पान आलंय की.”

“आलंय?”

“फोटोबिटो नाही आले. बोट कुठली, दिवस कुठला, माणसं किती, एवढं आलंय. मला फोटोचं काय करायचंय? मला तिकीट काढायचंय.” मग बराच वेळ फक्त त्यांच्या बोटाची टकटक. “हे घ्या. काढलं.”

फोनमध्ये कीबोर्डची खडखड. मग साहेब म्हणाले, “आमच्याकडे तिकीट आलेलं दिसतंय. लाइन किती होती हो तुमच्याकडे?”

“नसल्यासारखीच,” मास्तर म्हणाले. “आत्ताही तशीच.”

“आमचे प्रवासी भर समुद्रात परतीचं तिकीट काढायला बघतात, तेव्हा त्यांच्याकडे एवढीच असते. आत्तापर्यंत तिघांनी वेबसाइट दाखवल्या. शहरात बसून सुरेख चालतात, बोटीवर एकही उघडत नाही. तुम्ही हे मुद्दाम करून दाखवलंत का?”

“नाही साहेब,” धाकटी म्हणाली. “खरंच पडली.”

काम तिलाच मिळालं. तिथल्या तिथे, फोनवर.

आता माझी स्थिती बघा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी ब्लँकेटं घातली नसती तर साहेबांनी आणखी एक सुरेख वेबसाइट बघितली असती आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला असता. तिचं नशीब मी माझ्या हातानं, दोन बादल्या जिन्यावरून चढवून, उघडून दिलं होतं. आणि हे सांगायचं कोणाला? सांगितलं तर आधी लबाडी कबूल करायला हवी.

तेवढ्यात धाकटी डिश बघायला गच्चीवर आली. तिनं ब्लँकेटं बघितली. मग टाकीमागे मी. माझ्या पायाशी दोन रिकाम्या बादल्या. तिनं एका ब्लँकेटचं टोक बोटांत धरून बघितलं.

“ताई,” ती म्हणाली, “ही अजून फार ओली आहेत. या बाजूला घेऊ या का? धरता?”

आम्ही दोघींनी एकेक टोक धरून तिन्ही ब्लँकेटं रेघेच्या अलीकडे आणली. ती भांडली नाही. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. भांडणात मला बेटावर कोणी हरवलेलं नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एकटी होते. सासूबाई आल्या. उंबरा ओलांडला, खुर्ची ओढली, बसल्या.

“आठ दिवस खोल्या रिकाम्या आहेत ना गं?”

“हो.”

“मग ब्लँकेटं कोणी मळवली?”

मी हातातला चमचा ओट्यावर आपटला. आणि मग बावीस वर्षांचं एकदम बाहेर पडलं. “मळवली नव्हती कोणी! मीच टाकली मुद्दाम! बावीस वर्षं मी तुमचं करतेय. एकदा तरी माझं काही पास केलंत? नापास तरी केलंत? तिच्या बटणांवर तासभर बोलता, माझ्या हातचं खाऊन तोंडातून अक्षर काढत नाही. मी काय दगड आहे?”

त्यांनी टेबलाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

“तू नवीन होतीस तेव्हा एकदा म्हटलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “आमटीत मीठ जरा जास्त झालंय. तू चार दिवस बोलली नाहीस माझ्याशी. पाचव्या दिवशी ताट असं आदळलंस, की मी ठरवलं, आता काही म्हणून बोलायचं नाही. तिला काय चुकलं ते सांगितलं की ती हसते आणि बदलते. तुला सांगायला माझी छाती होत नाही.” आणि मग खाली बघत, अगदी हळू, “मी तुला घाबरते गं.”

मला त्या चार दिवसांतलं काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

“मला?” मी म्हणाले. “मला काय घाबरायचंय? मी काय खाते का तुम्हाला?”

हसून म्हणायचं होतं मला. देवाशपथ, हसूनच म्हणायचं होतं. पण आवाज नेहमीसारखा चढला, भांड्यांवर घुमला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं टेबलावरचा हात चटकन मांडीवर घेतला. मग त्या सावकाश उठल्या, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि “येते” म्हणून बाहेर गेल्या.