ज्या उन्हाळ्यात मला मराठी येत नव्हतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत नाही. आता तुम्हाला सांगते. मध्येच थांबवू नका, नाहीतर मी विषय बदलीन. त्यात मी पटाईत आहे.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात झकास उन्हाळा होता, आणि ते लपवलं तर आणखी एक खोटं माझ्या नावावर चढेल. कॉलेजचं शेवटचं वर्ष तोंडावर होतं. बडोद्यातल्या एका संस्थेत सुट्टीपुरती इंटर्नशिप मिळाली. काम काय, तर बाजव्याच्या वस्तीतल्या सहा बायकांचा रिक्षा शिकायचा वर्ग सांभाळायचा. शिकवायला उस्ताद होते; मी फक्त बायका गळू द्यायच्या नाहीत. आदल्या वर्षी सगळ्या गळल्या होत्या. माझ्या वर्षी? एकूण एक जणीला लायसन्स मिळालं!

पहिल्या दिवशी संचालकांनी गुजरातीत ओळख करून दिली — आ आपणी केतकीबेन. बायका सगळ्या मराठी, नवरे कारखान्यांत कंत्राटावर. त्यातल्या छायाताई, अंगानं भरलेल्या आणि तोंडानं फटकळ, शेजारच्या मंगलताईंना म्हणाल्या, "ही काय टिकते गं! ऊन लागलं की हिची आई येऊन घेऊन जाईल." मी बडोद्याच्याच सुभानपुऱ्यातली, घरात अस्सल मराठी बोलणारी. तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं. मी नुसती गोड हसले. का? मराठीची लाज वाटली म्हणून? छे — मजा वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर कालचं ऐकलं हे कळेल. आणि तिसऱ्या दिवसापासून फायदाच दिसायला लागला.

फायदा म्हणजे काय सांगू! त्या माझ्यासमोर बिनधास्त बोलायच्या. हँडल शिकवताना उस्ताद हातावर हात ठेवतात, ते कुणाला आवडत नव्हतं. मी लगेच उस्तादांना मागच्या सीटवर बसवलं. वर्गाच्या वेळेलाच वस्तीत पाणी येतं, अशी कुरकुर ऐकली आणि वेळ बदलली. बायका चाट पडायच्या. केतकीबेन चेहरा बघून मनातलं ओळखते, अशी माझी ख्याती झाली. संचालक भर मीटिंगमध्ये म्हणाले, नेतृत्व कसं करायचं ते या मुलीकडून शिका, ही लोकांचं ऐकते. खरंच होतं की ते! ऐकतच होते मी — चोरून.

मंगलताई आणि छायाताई एकाच गावच्या, बाजव्यातही भिंतीला भिंत लागून घरं. कुणाची मुलं कुणाकडे जेवतात याचा पत्ता नसायचा. एका दुपारी दोघी रिक्षात मागे बसलेल्या, मी पुढे. मंगलताई बोलायला लागल्या. नवऱ्याला त्यांनी पापड लाटायला जाते असं सांगितलं होतं. लायसन्ससाठी आधार कार्ड हवं, ते त्याच्या कपाटात. मागितलं की सगळं फुटणार. त्यापेक्षा उद्यापासून येणंच बंद. "तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, छाये. कुठे बोलू नकोस."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या नवऱ्याला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाठलं. चहाच्या टपरीवर त्याच्याशी हिंदीत बोलत बसले. तो तापला, मग हळूच म्हणाला, खरंच चालवते का ती? म्हटलं, उद्या येऊन बघा, फक्त माझं नाव सांगू नका. आणि आला की! कार्ड खिशात घालून आला, बायकोच्या मागे बसून मैदानाला फेऱ्या मारल्या, उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ती फेरी आठवली की आजही माझी छाती फुगते. का फुगू नये?

पण तो गेला आणि मंगलताई वळल्या — छायाताईंकडे.

तूच सांगितलंस, म्हणाल्या. छायाताईंनी मुलांची शपथ घेतली. हात जोडले. ती फटकळ बाई सगळ्यांसमोर रडली. तेव्हा मंगलताई म्हणाल्या, "मग कोणी सांगितलं? या पोरीला का मराठी कळतं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी — मी काय केलं माहीत आहे? भुवया उंचावल्या, चेहरा काळजीचा केला आणि काय झालं ते गुजरातीतच विचारलं, "शुं थयुं, बेन?"

हेच ते. याच्याभोवती इतका वेळ फिरत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण मनातलं ओळखणारी केतकीबेन तिथेच संपली असती, आणि मला ती फार आवडायला लागली होती. लायसन्स मिळालं त्या दिवशी आम्ही वस्तीतून हार घातलेल्या रिक्षांची मिरवणूक काढली. फोटोत मंगलताई एका टोकाला, छायाताई दुसऱ्या टोकाला, मधोमध मी. त्याच संस्थेत मला नोकरी लागली. नव्या इंटर्नना मी नेतृत्व शिकवते, आणि छान शिकवते. पहिला धडा, लोकांचं ऐका. त्या दोघी तेव्हापासून एकमेकींशी बोललेल्या नाहीत, हे मला दर वर्षी कळत आलं.

गेल्या रविवारी फतेगंजला मंगलताई दिसल्या. स्वतःची रिक्षा, मागे मुलीचं नाव रंगवलेलं, आत गिऱ्हाईक बसलेलं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मराठीत म्हटलं, "मंगलताई, छायाताई काही बोलल्या नव्हत्या. मला मराठी येतं. मी ऐकलं होतं, तुमच्या नवऱ्याला मीच सांगितलं."

शिवी येईल, हात उठेल — मी तयार होते. त्यांच्या ओठातून एवढंच आलं, "पोरांची शपथ घेतली होती गं तिनं." मग मागे वळून गिऱ्हाईकाला म्हणाल्या, "उतरो भाई, बीजी रिक्षा पकडी लो." छायाताई त्यांची रिक्षा घेऊन स्टेशनपाशी उभ्या असतात. रिक्षा तिकडेच वळली, भरधाव, हॉर्न दाबून धरलेला.

मला बसा म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.